अंबिकाच्या नावाचा नंबर

३१ डिसेंबर, मंगळवार

काल येळवस, म्हणजे वेळा अमावास्या झाली. सगळी भावकी शेतात. कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडले, पूजा झाली, आणि भज्जी-आंबिलीवर बसायच्या आधी समदी बापयमाणसं विहिरीवर पोहायला पळाली. मी गेलो नाही.

चुलतभाऊ हनुमंत विहिरीच्या कठड्यावरून ओरडला, "काय गुरुजी, म्हातारे झालात का? काढा की शर्ट!"

सगळे हसले. मी म्हणालो, कफ झालाय. ज्या साहेबरावनं जन्मभर मुखेडच्या शाळेत पोरांना पी.टी. शिकवली, थंडीत बनियनवर पळवलं, "छाती पुढं, पोट आत" म्हणून पट्टीनं सरळ केलं, तो रिटायर झाल्यावर कफाचं कारण सांगून कोपीत बसला. माझी बायको अंबिका भाकरीची दुरडी सोडत होती. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा दुरडीत डोकं घातलं.

कारण इथं लिहितो. दुसरं कोण वाचतंय? डाव्या छातीत, बोंडाखाली, सुपारीएवढी गाठ आलीय. दाबली की दुखते. ती बाजू थोडी वर आलीय, शर्टातूनही दिसते की काय असं वाटतं. बाईमाणसासारखी. लिहिताना सुद्धा कान तापले.

३ जानेवारी, शुक्रवार

मोबाईलला विचारलं. छातीत गाठ, पुरुष. त्यानं सांगितलं, पुरुषांनाही कॅन्सर होतो, क्वचित होतो, पण होतो. सुई घालून तपासून घ्या. मोबाईल पालथा ठेवून दिला.

आपल्याकडं सगळे सांगतात, गाठीला सुई लावू नये, लावली की उसळती. अण्णाराव मामांच्या मानेतल्या गाठीला लावली आणि मामा गेले. मामा त्याआधी दोन पावसाळे गाठीवर पाल्याचा लेप बांधून बसले होते, हे मात्र कुणी सांगत नाही. मीही कधी सांगितलं नाही.

मरणाची भीती वाटते का? वाटते. पण त्याच्यापेक्षा जास्त भीती ही, की लोक म्हणतील गुरुजी बायकांच्या दुखण्यानं गेले. हे काही शहाणपणाचं नाही, कळतं मला.

नांदेडला जायचं नाही. नांदेडच्या प्रत्येक चौकात माझा एक विद्यार्थी उभा असतो. लातूरला जायचं. तिथं एक डॉक्टरीणबाई आहेत, फक्त असल्या गाठींचंच बघतात. मोबाईलवर पाटीचा फोटो बघितला, वर बाईचं चित्र आहे. खाली बारक्या अक्षरात 'पुरुषांचीही तपासणी होते' असं लिहिलंय. बारक्या का होईना, लिहिलंय.

७ जानेवारी, मंगळवार

एकट्या बापयानं त्या पाटीखालून आत जायचं म्हणजे अवघड. अंबिकाला सोबत न्यायचं ठरवलं. बघणारा समजेल, बायकोला घेऊन आलाय. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंना हळूच सांगायचं.

जेवताना म्हणालो, "परवा लातूरला जायचंय. एका डॉक्टरीणबाईकडं. कशाला ते विचारायचं नाही."

तिच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "कुणी काही बोललं का तुम्हाला?"

माझं डोकंच फिरलं. "कुणी बोलायला कशाला पाहिजे? मला डोळे न्हाईत का?"

ती उठून चुलीकडं गेली आणि पाठमोरी बसून राहिली. डोळ्याला पदर लावत होती. मी म्हणालो, धूर झालाय, खिडकी उघड.

आता लिहिताना लक्षात येतंय, हिला कळलेलं आहे. माझी बनियनं हीच धुते. अंघोळीला मी दार लावून घेतो, उघड्यावर बसत नाही, हे तिनं बघितलं असणार. कळूनही बोलली नाही. एवढं मात्र आहे अंबिकाचं, तोंड उघडत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

आज जे झालं ते सांगायलाही कुणी नाही, म्हणून लिहितो.

सकाळची एसटी. अंबिका लग्नाकार्यातलं लुगडं नेसली होती. मी म्हणालो, वरातीला चाललोय का? शिरूर ताजबंदला गाडी थांबली तेव्हा चहा दिला, तो तिनं हातात धरून गार केला.

दवाखान्यात सगळ्या बाया. काहींसोबत नवरे, ते आपले मोबाईलमध्ये. मी काउंटरवर गेलो, आणि काउंटरवरचं पोरगं ताडकन उभं राहिलं.

"सर! ओळखलं का? मी दयानंद. तुमच्या कबड्डीच्या टीममधला!"

बाहेर येऊन पाया पडला हो, सगळ्यांदेखत! बायांनी माना वळवल्या. "सर, तुम्ही इकडं कुठं? कुणाला दाखवायचंय?"

मी तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "आमच्या मंडळींना."

बस. एवढंच. त्यानं नाव विचारलं, मी सांगितलं अंबिका. वय विचारलं, सांगितलं. नंबर दिला. मी वळून बघितलं तर अंबिका माझ्याकडंच बघत होती. एकदम खाली मान घातली. मला वाटलं आता ही म्हणंल, अहो, मला काय झालंय? पण नाही. पदर सावरून गप बसली.

आत गेल्यावर सगळं सांगून टाकू, असं मी मनाशी घोकत होतो. नंबर आला. उठलो, तर नर्स म्हणाली, "सर, तुम्ही बाहेरच थांबा." दार लागलं. मी तिथंच पडद्यासमोर उभा. आत काय बोलणं चाललंय ऐकू येईना. हाक मारावी, दार ठोकावं, नुसतं एवढं म्हणावं की पेशंट मी आहे. दयानंद चहा घेऊन आला. "सर, काळजी करू नका, मॅडमचा हात लई हलका आहे." मी चहा प्यालो.

ती बाहेर आली ती पदर छातीशी घट्ट धरून. डोळे लाल.

"सुई लावली," म्हणाली.

"तुला?" मी खालच्या आवाजात म्हणालो. "आणि तू लावू दिलीस?"

"बाईंनी हात लावून बघितलं. मशिनीवर बघितलं. म्हणल्या बारीक सुई आहे, आतलं थोडं ओढून काचेवर घेतो. मी हाव म्हणले."

"दुखलं का?"

"मुंगी चावल्यागत."

बसस्टँडवर गाडीची वाट बघताना ती अचानक म्हणाली, "तुमचे लई उपकार झाले माझ्यावर."

टोमणाच होता तो. माझं झाकायला हिनं अंगावर सुई घेतली आणि वरून हे. लागायचं तिथं बरोबर लागलं. मुखेड येईपर्यंत मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

रोज सकाळी गल्लीतली चार म्हातारी माणसं माझ्याकडून प्राणायाम शिकायला येतात. आज नाही म्हणून सांगितलं. छाती भरून श्वास घ्या, असं कोणत्या तोंडानं सांगू?

बायको माझ्यासाठी सुई टोचून घेते आणि मी तिच्यावरच फुगून बसतो. माणूस म्हणावं का मला? तिला म्हणणार होतो, चुकलं माझं. ती अंगणात तूर पाखडत होती. दोनदा गेलो, दोनदा नुसता मांजराला हाकलून परत आलो.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

सकाळी अंबिकाच्या फोनवर लातूरहून फोन आला. ती बराच वेळ नुसती "हाव, हाव" करत राहिली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"परत बोलावलंय. आता जाड सुईनं करायचं म्हणतात. पुनमला घेऊन जाते, तिच्याकडंच राहते."

पुनम आमची लेक, लातूरला दिली आहे. मी भडकलो. "काही जायचं न्हाई! धडधाकट बाईला परत परत बोलवायचं आणि पैसे काढायचे, दुसरं काय? काही झालेलं न्हाई तुला. मी सांगतो ना!"

वाटलं, ही पण भडकेल. तर तिनं ताटातला तीळगूळ उचलून माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, "तुमच्या तोंडात साखर पडो," आणि वाकून पाया पडली. संक्रांतीला पाया पडायची तिची कधीची रीत नाही. मी म्हणालो, "अगं, काय करून राहिलीस हे!"

"तरी पण जाऊन येते," ती म्हणाली.

मला काही कळेना. नवऱ्याची लाज झाकायची म्हणजे किती झाकायची?

१८ जानेवारी, शनिवार

अंबिका काल सकाळच्या गाडीनं गेली. मी अडवलं नाही. तीन वेळा खिचडी केली, तीनही वेळा खाली लागली. वरच्या फळीवरचा डाळीचा डबा काढताना आठवलं, दिवाळीपासून ती हा डबा मलाच काढायला लावते. "हात वर जात न्हाई." मी म्हणायचो, आळस चढलाय, रोज हात फिरवायचे व्यायाम कर. आता ती नाही तर डबा काढून देणाराच आहे, मागणारी नाही.

दिवसभर विचार केला. त्या डॉक्टरीणबाई आता माझ्या धडधाकट बायकोला जाड सुई टोचणार, आणि कारण मी. हे थांबवायला पाहिजे. जाऊन सरळ सांगायचं, बाई, चूक माझी, पेशंट मी, हिचं नाव काढा आणि माझं लावा. दयानंदसमोर सांगायची वेळ आली तरी सांगायचं. काय व्हायचं ते होऊ दे.

हे लिहिल्यावर बरं वाटलं. कित्येक दिवसांनी आज जोर मारले.

२० जानेवारी, सोमवार

पुनमच्या घरी बसून लिहितोय.

सकाळी थेट दवाखान्यात गेलो. दयानंद म्हणाला, "सर, काकू तर शनिवारी येऊन गेल्या."

"माझा नंबर लाव," मी म्हणालो. "माझ्या नावानं."

तो जरा बावचळला, पण लावला. काहीसुद्धा झालं नाही हो! आभाळ कोसळलं नाही, बाया हसल्या नाहीत. एवढ्यासाठी मी ते सगळं केलं होतं.

डॉक्टरीणबाईंचं नाव शिल्पा. माझ्या पुनमपेक्षा दोनचार वर्षांनी मोठ्या असतील. मी खुर्चीत न बसताच सुरू केलं. "मॅडम, त्या दिवशी पेशंट मी होतो. लाजेपायी मी बायकोचं नाव लावलं, आणि ती बिचारी बोलली नाही. तुम्ही तिला विनाकारण टोचलंत. आता पुन्हा जाड सुई लावलीत. हे बरं न्हाई. काय टोचायचं ते मला टोचा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडं बघतच राहिल्या.

"सर, बसा आधी. शर्ट काढा."

बघितलं, दाबलं, सोनोग्राफी केली. काही गोळ्या, औषधं चालू आहेत का? मी म्हणालो नाही. मग जरा अडखळत सांगितलं, तालमीतला भागवत ताकदीची पावडर देतो, वर्षभर घेतोय. उतारवयात छाती उतरली होती, म्हणून. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "असल्या डब्यांत काय काय मिसळलेलं असतं, सांगता येत नाही. त्यानं पुरुषांची छाती अशी सुजते. हे साधंच दिसतंय. तरी खात्री करून घेऊ." बारीक सुई लावली. इंजेक्शनच्या सुईपेक्षा बारीक. आतलं काचपट्टीवर पसरलं, झालं. अंबिका म्हणाली होती तेवढंच दुखलं. मी विचारलं, यानं गाठ उसळत तर नाही ना? म्हणाल्या, "सुईनं काही पसरत नाही, सर. उशिरा येण्यानं पसरतं."

मी शर्टाची बटणं लावत म्हणालो, "मग आता बायकोचं नाव काढून टाका."

त्यांनी माझी फाईल बंद केली. मग म्हणाल्या, "त्यांच्याबद्दल मी तुमच्याशी बोलणार नाही, ते त्यांनाच विचारा. एक मात्र सांगते. गाठ नसताना मी कुणालाच सुई लावत नाही."

मी बाहेर आलो. दयानंद काहीतरी म्हणाला. रिक्षात कसा बसलो आठवत नाही.

पुनमनं दार उघडलं आणि माझ्या गळ्यात पडली. लहान असताना पडायची तशी. "पप्पा, आईनं सगळं सांगितलं. दिवाळीपासून तिनं गाठ लपवून ठेवलेली, मला नाही सांगितलं, कुणालाच नाही. म्हणाली, मी सांगणारच नव्हते, पण तुझ्या पप्पांनी न सांगता ओळखलं. मला लाज वाटू नये म्हणून एक अक्षर न विचारता लातूरला घेऊन आले, स्वतः नाव लावलं. पप्पा, मला वाटायचं तुमचं आईकडं लक्षच नसतं!"

अंबिका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नवीन नवरीसारखी लाजत होती. या वयात. "आलात व्हय?" म्हणाली. "मला वाटलंच होतं, तुमच्यानं राहवणार न्हाई."

मी "हं" म्हणालो.

मी फक्त हं म्हणालो.

२८ जानेवारी, मंगळवार

आज दोघांचंही कळलं.

अंबिकाला कॅन्सर आहे. उजव्या बाजूला. लहान आहे, काखेत गेलेला दिसत नाही. लवकर आलात म्हणून ऑपरेशननं निभावेल, पुढं औषधं लागतील, असं मॅडम म्हणाल्या. जाड सुईचं सगळं अंबिकानंच मला समजावून सांगितलं. आधी जागा बधिर करतात, मशिनीवर बघत सुई घालतात, टक्क असा आवाज होतो आणि दोऱ्याएवढा तुकडा निघतो. "भ्याले न्हाई मी," म्हणाली, "तुम्ही म्हणाला होता ना, काही झालेलं न्हाई. तेच मनात म्हणत राहिले."

माझी काचपट्टी स्वच्छ. पावडरीची सूज. माझ्या गाठीचं मी घरात कुणालाच सांगितलं नाही. आता कोणत्या तोंडानं सांगू? छाती भरावी म्हणून पावडर घेतली आणि छाती भरली, वा रे गुरुजी!

देवासमोर हात जोडले तर काय मागावं सुचेना. तिचं ते मला होऊ दे, असं मागायला गेलो. पण खरं सांगतो, मनातून तसं आलं नाही. मनातून आलं, बरं झालं माझं साधं निघालं. ते आलं आणि मग मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. खरोखर मारली.

५ फेब्रुवारी, बुधवार. मुखेड

ऑपरेशनच्या आधी अंबिकाला घर आवरून ठेवायचं होतं, म्हणून चार दिवस गावी आलोय. बातमी गल्लीत पसरली, आणि बातमीसोबत दुसरीही बातमी पसरली. गुरुजींनी ओळखलं.

शेजारच्या गुणाबाई आल्या, अंबिकाचा हात धरून रडल्या, आणि दारातूनच स्वतःच्या नवऱ्यावर ओरडल्या, "बगा, शिका जरा! बायको मेली तरी तुमाला भाकर थापणारी कुठं गेली एवढंच दिसंल!" माझे मेहुणे साडूंना फोनवर सांगत होते, आमचे दाजी म्हणजे देवमाणूस. प्राणायामवाले म्हातारे म्हणतात, गुरुजी, नजर पाहिजे तर अशी.

नजर! आता एकेक आठवतंय. पाण्याची घागर ती डाव्या कडेवर घ्यायला लागली होती. झोपताना कूस बदलली होती. डबा तर मी रोज काढून देत होतो. आणि एकदा दिवाळीनंतर म्हणाली होती, "तुमच्याशी जरा बोलायचं होतं." तेव्हा टीव्हीवर कबड्डी चालू होती. मी म्हणालो, मॅच संपू दे. मॅच संपली तेव्हा ती झोपलेली होती.

प्रत्येक कौतुक तोंडावर शेण टाकल्यासारखं वाटतंय. आणि ती तिथं बसून हसते. आमच्या सबंध संसारात ती माझ्याविषयी चारचौघांत असं कधी बोलली नव्हती.

हे असं चालायचं नाही. खरं सांगायला पाहिजे. ऑपरेशनला जायच्या आधीच सांगायला पाहिजे. तिच्या जिवाशी गाठ आहे आणि मी खोट्यावर बसून राहू? इतका हलका माणूस नाही मी. सांगायचंच.

११ फेब्रुवारी, मंगळवार. लातूर

सांगितलं.

उद्या ऑपरेशन. दुपारी भरती केलं. संध्याकाळी पुनम डबा आणायला गेली, खोलीत आम्ही दोघंच. अंबिकानं बांगड्या काढून रुमालात बांधून माझ्याजवळ दिल्या. मी खुर्ची ओढून समोर बसलो आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. येळवसपासूनचं. माझी गाठ, पावडर, दयानंद, तोंडातून निघालेलं तिचं नाव. मला काहीही दिसलेलं नव्हतं, असंही सांगितलं. बोलताना अंगावरचं ओझं उतरत चाललंय असं वाटत होतं. हलका झालो. वाटलं, ही रडेल, चिडेल, मग माफ करेल.

ती बराच वेळ खिडकीकडं बघत होती.

"तुमची दुखती का अजून?" तिनं विचारलं.

"न्हाई. पावडर सोडली. बसली."

"बरं झालं."

खाली रस्त्यावर क्लासची पोरं सुटली होती, त्यांचा गलका येत होता. मी म्हणालो, "काहीतरी बोल की."

"काय बोलू?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं होतं, कुणीतरी बघून राहिलंय माझ्याकडं. एवढं एक सोबत घेऊन उद्या आत जाणार होते मी. तुम्हाला दोन दिवस थांबता आलं न्हाई?"

मी बांगड्यांचा रुमाल सोडून पुन्हा बांधत बसलो.

पुनम डबा घेऊन आली. अंबिका तिला म्हणाली, पप्पांना आधी वाढ, त्यांना भूक निघत न्हाई.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल ऑपरेशन झालं. मॅडम म्हणाल्या, नीट झालं. गाठ पूर्ण निघाली. आज अंबिकानं दोन घोट चहा घेतला. माझ्याशी बोलली, पण कामापुरतं. उशी वर करा. पाणी द्या. मी करतो.

सकाळी तिला जनरल वॉर्डात आणलं. शेजारच्या खाटेवरच्या सुनेसोबत तिची सासू आहे, नागुबाई, मुरुडच्या. त्यांचा नवराही तिथंच बाकावर बसलेला. नागुबाई हळूहळू सरकत अंबिकाच्या खाटेशी आल्या आणि कानाशी लागून काहीतरी सांगायला लागल्या. मी मोसंबी सोलत होतो, त्यामुळं ऐकू आलं. त्यांनाही आहे. गळ्याखाली. कुणाला बोलल्या नाहीत. सुई लावली की माणूस जातंय म्हणतात.

अंबिकाला बोलायलाही त्रास होत होता. तरी बोलली. "जात न्हाई. मला दोन्ही लावल्या, बारीक पण आणि जाड पण. मुंगी चावल्यागत हाय. लावून घ्या."

"आमच्या ह्यांना कसं सांगावं, बाई?"

"सांगा. मी पण सांगणार नव्हते." अंबिका थांबली, दम घेतला. "पण आमच्या ह्यांनी ओळखलं."

माझे हात थांबले. मी वर बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती.

नागुबाईंचा नवरा बाकावरून उठून आला. साधा माणूस, डोक्याला टॉवेल. माझ्यासमोर उभा राहून त्यानं अगदी मनापासून विचारलं, "गुरुजी, तुम्हाला कसं ओ कळलं? आमाला काईच कळत न्हाई बगा."

मी तोंड उघडलं. सगळा वॉर्ड माझ्याकडं बघतोय असं वाटलं.

"लक्ष असतं त्यांचं," अंबिका म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

मी मान खाली घालून मोसंबी सोलत बसलो.